बटण गोल की चौकोनी

...नाही हो, दात दुखत नाहीये, दात आहेच कुठे! हा बघा, खिशात आहे, पुडीत बांधून! आणि पाडला कुणी? दातांच्या डॉक्टरनं! दवाखान्यात नाही, वेबसाइटच्या मीटिंगमध्ये! आणि सगळे आपखुशीनं आलेले हं, कुणी ओढून आणलं नव्हतं!

त्याचं असं झालं... ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं आमचं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट! गावोगावचे हौशी लोक मिळून बनवतात, कोड सगळ्यांना खुला, कुणीही या, सुधारा. सॉफ्टवेअर झकास, पण वेबसाइट म्हणजे नुसती अडगळीची खोली! माझ्या काकांचे डोळे गेलेत, त्यांच्याकडचं जुनं सॉफ्टवेअर चार शब्द बोलून गप्प बसायचं, आणि नवं घ्यायचं बटण काही त्यांना सापडेना. म्हटलं, काका, मी घेऊन देतो. तर म्हणाले, "मला तू आहेस रे. बाकीच्यांनी कुणाला हाका मारायच्या?"

लागलं ना मनाला! बोलावलं सगळ्यांना रविवारी दुपारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. कोड लिहिणारा लंब्या आला, दातांचे डॉक्टर आले, तेही आमच्यातलेच हौशी, काका फोन घेऊन कोपऱ्यात बसले. सगळे आपखुशीनं हं!

दहा मिनिटं बरी गेली, लंब्यानं नवं पान कच्चं उभं करून सगळ्यांच्या फोनवर धाडलंसुद्धा. मग लंब्या म्हणाला, "बटण चौकोनी." डॉक्टर म्हणाले, "गोल! कोपरे रुततात." "कुणाला रुततात?" "माणसाला!" "मग तुमची ती सुई काय मऊ असते?" झालं! डॉक्टरांनी कीबोर्ड उचलला आणि घातला लंब्याच्या टाळक्यात! बटणं अशी उडाली, एक तर माझ्या चहात! लंब्यानं फळा उपटला हो, भिंतीतून, खिळ्यांसकट! आणि मी शहाणा... मध्ये पडून काय म्हणालो? "लंबगोल करू या का?"

तेवढ्यावर दोघांची एकी झाली! लंब्यानं माझी मान धरली, डॉक्टरांनी ठोसा मारला, खुर्ची मोडली, मी मोडलो, रक्त शर्टावर, आणि डॉक्टर वाकून काय म्हणतात? "आ करा... अरे वा, मुळासकट आलाय!"

तेवढ्यात कोपऱ्यातून काका म्हणाले, "अरे, तुमचं नवं पान मी फोनवर ऐकतोय. फोन नुसताच 'बटण' म्हणतो. कसलं बटण? त्याला नाव कुणी द्यायचं?"

तासभर आम्ही एकमेकांची हाडं मोडत होतो, कशासाठी, तर ज्यांना दिसत नाही त्यांच्या बटणाच्या आकारासाठी! मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. लंब्यानं मुकाट्यानं लॅपटॉप उघडला. "नाव... 'डाउनलोड' देतो." डॉक्टरांनी डोळे पुसले. "छे, 'उतरवून घ्या'!" लंब्यानं पुन्हा फळा उचलला...

"नुसतं 'घ्या' म्हणा!" काका ओरडले, आणि काठी अशी फिरवली, अशी फिरवली, की ती बरोबर माझ्या गुडघ्यावर! "कुणाला लागलं का रे? मला काही दिसत नाही."

बटणावर आता 'घ्या' आहे. काकांनी आपलं आपण घेतलं, कुणाला हाक न मारता, आणि त्यांचा कॉम्प्युटर आज सकाळपासून घडाघडा बोलतोय. मी लंगडत ऐकायला गेलो. तर तो डॉक्टरांची मेल वाचत होता... येत्या रविवारी मीटिंग, विषय, पानाच्या तळाचं काय करायचं.

काकांनी 'येतो' म्हणून कळवलंय. मीही निघालोय... आपखुशीनं! फक्त तेवढं हेल्मेट द्या इकडे.