गाडी कोण चालवत होतं

तर मघाशी जे सांगत होतात तेच पुन्हा पहिल्यापासून सांगा, लिहून घेतो, असं साहेब म्हणाले म्हणून सांगते. मी मृणाली केसरीनाथ तरे, वय २० वर्षे, धंदा शिक्षण, लॉ दुसरं वर्ष, रा. मानकोली, ता. भिवंडी. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी आईवडिलांसोबत राहते. आमच्या गोडाऊनवर नवशा मुकणे, रा. दिघाशी, हमालीला आहेत. मी त्यांना काका म्हणते.

मागच्या महिन्यात काकांच्या मोबाईलवर ई-चलान आलं. बाईकवर ट्रिपल सीट, हेल्मेट नाही. फोटोत पुढच्याच्या तोंडाला रुमाल आहे, ओळख पटत नाही. मध्ये काकांची बायको गंगूकाकी, बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या. मागे काका त्यांना धरून. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता म्हणून ते तसेच पडघ्याला दवाखान्यात निघाले होते.

काका म्हणाले, "ताई, भरून टाकतो. मिटंल." मी म्हटलं, "अजिबात भरायचं नाही. इमर्जन्सी होती, आपण कंटेस्ट करू." पप्पा म्हणाले, "वकीलबाई, आधी पास तर व्हा." तरी मी काकांना घेऊन वाहतूक शाखेत गेले.

तिथल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. फोटो मोठा करून बघितला. म्हणाले, "बाई अडलेली दिसतेय. रद्द करायला वर पाठवतो. नवशा, लायसन्स हाय ना? पुढं तूच होतास ना?"

काका म्हणाले, "व्हय सायेब, मीच."

मी म्हटलं, "काका, घाबरू नका, खरं ते सांगा. सर, गाडी यांच्या मुलीने चालवली, रोशनीने. काकीला धरायला मागे माणूस लागणार होता ना. अजून अठराची पण नाही, तरी आईला वेळेवर पोचवलं."

साहेबांनी पेन उघडलं. मग म्हणाले, "ताई, मी याला विचारत होतो." आणि लिहायला लागले. मला वाटलं, आमच्या बाजूने लिहितायत.

अल्पवयीन मुलीला गाडी दिली म्हणून काकांवर गुन्हा दाखल झाला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ते कलम आम्हाला अजून शिकवलेलं नाही. गाडी जमा आहे. रोशनी पुढच्या महिन्यात अठराची होणार आहे, त्यानंतर मानकोलीला बाईकवर पार्सल वाटायचं काम ठरलं होतं. आता पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिला लायसन्स मिळणार नाही, हे पण मला नंतर कळलं.

काकी आणि बाळ ठीक आहेत.

काका कामावर येत नाहीत. काल रोशनी आमच्याकडे आली होती. भांडली नाही. "बाबा बोलत व्हता ना, मंग तू कशाला बोललीस?" एवढंच म्हणाली. मी चहा ठेवला, तोवर ती गेली होती.

जबाब साहेबांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. मी बोलले तसाच उतरवलाय, खोटं काही नाही. सही करायच्या आधी एकच विचारते. गाडी कोण चालवत होतं, हे माझ्याशिवाय कोणीच सांगितलेलं नाही. तेवढी ओळ काढली तर चालेल का, साहेब? तुम्हाला काय वाटतं?