दोघी पाहिजेत

चौसाळ्याच्या थांब्यावर चर्चच्या आठ पोरांना घेऊन दोन जावा आल्या, मार्था आणि रूथ. बीडला मुलांचं शिबिर होतं. दोघींचा नाताळच्या करंज्यांवरून अबोला होता आणि दोघींच्या मधल्या जागेवर गाडीची वाट बघत बसलेल्या बिचाऱ्या, परक्या गंगूबाई अडकल्या होत्या.

“मावशी, हिला सांगा, मी वापस चालले.”

“मावशी, मार्थाबाईला म्हणा, पाळकसायबानं काय सांगितलंय? लेकरांसंगं एकटं मोठं माणूस ठिवायचं न्हाई. दोघी पाहिजेत. ही गेली की शिबिर बुडालं.”

“मग माझ्या करंज्या पोकळ कावून म्हणाली?”

गंगूबाईंच्या लहानपणी आई आणि काकू अशाच मांजरामार्फत बोलायच्या. मांजराला निदान निरोप पोचवावे लागत नसत.

“आंटी, मला सू आली.”

“चल बाळा, मी नेते,” गंगूबाई उठल्या.

“नको!” दोघी एकदम ओरडल्या.

“राग मानू नका मावशी. तुमी लई चांगल्या, पर आमची वळख न्हाई.”

“रूथ, तू ने त्याला.”

“एकटी कशी नेऊ? तू बी चल.”

“मग ह्या सात जणांपाशी कोण?”

“उठा रे समदे! हात धरा!”

सगळी रांग मुतारीकडे गेली आणि नेमकी बीडची गाडी आली. गंगूबाई दारातच उभ्या राहिल्या.

“आजी, सरका की!”

“थांब रे कंडक्टर. एका पोराला सू लागलीय.”

“एका पोराला किती येळ लागतो?”

“दहा जणं गेलीत.”

“आन् त्यातली बीडला जाणार कितीजण?”

“दहाच्या दहा.”