हॉर्नची वायर

"तिसऱ्यांदा आणलीय गाडी, तरी हॉर्न मुका तो मुकाच," गॅरेजच्या बाकड्यावर पंक्चरसाठी खोळंबलेल्या बाईंच्या शेजारी एकजण कुरकुरला. त्याची आई गाडीतच बसून होती.

"साहेब, हॉर्न ठणठणीत आहे," मेकॅनिक म्हणाला. "वायर दर वेळी कुणीतरी हातानं उपटतंय."

"कोण उपटणार? धाकटा भाऊ वारल्यापासून त्याची गाडी मीच चालवतो."

"मी उपटते," आई काचेतून म्हणाली.

बाईंनी पेपर उगीच जवळ धरला.

"तुला बॉनेट तरी उघडता येतं का गं?"

"पाणी घालायला त्यानंच शिकवलं होतं."

"अगं, पण कशासाठी?"

"फाटकाशी हॉर्न वाजला की मी धावत दाराशी येते रे. आणि उतरतोस तू."