ठोका पडायच्या आधी

बसच्या रांगेत माझ्या पुढे नवरा-बायको होते.

"आज ताईकडे जाऊ नकोस."

"अहो, ओली बाळंतीण आहे ती!"

"तिच्या इमारतीला लागून रिकामा प्लॉट आहे ना, तिथली जमीन तपासली आज आम्ही."

"ते तुमचं रोजचंच. रॉडवर हॅमर आपटायचा आणि ठोके मोजायचे."

"आज मोजायला ठोकाच नव्हता. हॅमर उचलायच्या आधीच रॉड आपल्या वजनानं खाली गेला. मला वाटलं, दोर सुटला. जागा बदलली, तरी तेच. खाली नुसता चिखल आहे गं."

"मग तिथं बांधू नका म्हणावं."

"चिखल काय कुंपण बघून थांबतो?"

"उगाच घाबरवू नका. ताईच्या घरात साधा तडा नाही."

"नक्की?"

"दार तेवढं घासतंय. सुतारानं दोनदा रंधा मारला. म्हणाला, लाकूड फुगलंय."

"लाकूड नाही गं, चौकट तिरकी झाली असणार. इमारत खचतेय."

"अहो, काहीतरीच काय!"

"फोन लाव तिला. बाळाला घेऊन खाली ये म्हणावं."

"हॅलो, ताई? बाळाला घे आणि आहेस तशी खाली ये. नंतर सांगते गं, आधी नीघ. काय? दार उघडत नाही म्हणजे?"