उचलूया की!

नाही, पण मी म्हणतो, माणसाला एवढी उचलायची हौस कशाला? आं? तुम्हाला सांगतो, आमच्या दर्शनाताईला व्हीलचेअरवरून कुठं न्यायचं म्हटलं की निम्मा मिरकरवाडा बाह्या सरसावून हजर! शेजारचे भिकाजीकाका सगळ्यांत पुढं. "उचलूया की! ओली जाळी उचलतो आम्ही, ही तर पोर!" बँक? उचलूया की! तहसील? उचलूया की! एकदा खुर्ची वर पोचली आणि ताई खालीच... जाऊ दे. पण तिला कोणी विचारलं, "काय गो, उचलू काय?" कोणी नाही!

आता वाचनालयाचं घ्या. पाच पायऱ्या. ताईला जेवणाआधी पुस्तक लागतं, आणि आणायला कोण? मी! मी बर्फाच्या कारखान्यात हातगाडी ढकलणारा, पुस्तकांच्या कपाटासमोर नुसता घाम फुटतो हो! तिथल्या रुपाली मॅडमना विचारायची लाज, म्हणून हाताला लागेल ते जाडसं आणायचं. तिनं मागितली रहस्यकथा, मी नेलं 'मधुमेहींचा आहार'. तिनं वाचलं हो, अख्खं वाचलं! आणि म्हणते, "मितेश, खुनी सापडला. साखर."

पण मग पुस्तक मिटलं तिनं. म्हणाली, "मला माझं पुस्तक माझ्या हातानं काढायचंय. उचलून घेऊन नाही जायचं."

अर्ज केला. आठ महिन्यांनी रॅम्प झाला. रॅम्प कसला, घसरगुंडी! कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "थोडा जोर लावायचा. नाहीतर माणसं आहेत की, उचलूया!" बघा! हा पण!

मी तोंड उघडलं, "साहेब, तो उतार..." आणि संपलं. पण उतार मला कळतो हो, दहा वर्षं गाडी ढकलतोय. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, नाहीतर बर्फ आपल्यालाच ढकलतो! मग काय केलं, दुसऱ्या दिवशी गाडीवर बर्फाच्या चार लाद्या घातल्या, गाडी साहेबांच्या हातात दिली आणि म्हटलं, "चढवा." अर्ध्यापर्यंत गेले, खोटं कशाला बोलू... मग गाडी मागं, लाद्या रस्त्यावर, साहेब लाद्यांमध्ये, आणि खिडकीतून रुपाली मॅडम ओरडतायत, "शांतता राखा! वाचनालय आहे हे!" साहेब म्हणतात, "अरे बघतोस काय? उचल मला!"

मी आधी विचारलं, "उचलू काय?" विचारावं माणसाला!

महिन्याभरात नवा रॅम्प. लांबलचक, मध्ये वळण, हाताला कठडा. पहिल्या दिवशी भिकाजीकाका, गल्लीतला लवू, आणखी चौघं खांद्यावर टॉवेल टाकून उभे. आशा सुटत नाही हो! ताई म्हणाली, "काका, हात मागं." आणि निघाली. एकेक हात चाकाला... वळणावर थांबली. काकांचे हात आपोआप पुढं, परत मागं, परत पुढं... आणि पोचली! एकटी! आम्ही असल्या टाळ्या वाजवल्या, मॅडम "शांतता" म्हणता म्हणता स्वतःच वाजवायला लागल्या! काका डोळे पुसत म्हणतात, "घाम आलाय रे."

आत गेली ती गेलीच. एक तास... दोन तास... काका दारात, "अडकली काय रे? उचलूया की?" तेवढ्यात बाहेर आली, मांडीपासून हनुवटीपर्यंत पुस्तकं! मी वरची तीन बघितली. दहावीचं गणित. दहावीचं विज्ञान. भूगोल!

म्हटलं, "ताई, तुझी चुकली वाटतं."

"माझी खाली आहेत. ही तुझी. आठवीत शाळा सोडलीस ना? मॅडमना विचारून बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्मही आणलाय. सही कर."

मला कोणी विचारलं? कोणी नाही!

आता रोज संध्याकाळी ती पुढं, मी मागं, बगलेत भूमिती. आणि तो रॅम्प इतका सोपा करून घेतलाय ना मी, की दम लागला म्हणून परत फिरायचीसुद्धा सोय नाही!