सईचे कान आणि तीनशे ओहम

तुम्ही हसाल, पण आमच्या सईला कमी ऐकू येतं या काळजीनं माझी झोपच उडाली होती. पाच वर्षांची पोरगी, तीन-तीन हाका मारल्याशिवाय वळून बघायची नाही. शेवटी घरीच चाचणी घ्यायचं ठरवलं. नवऱ्याचे ते जाडजूड हेडफोन माझ्या फोनला जोडले, आवाज पूर्ण वाढवला आणि तिच्या कानाला लावले.

"गाणं ऐकू येतंय का गं?"

"लई बारीक येतंय."

माझं धाबंच दणाणलं. स्वतः लावून बघितले, तर मलाही बारीकच! म्हणजे पोरीला हे माझ्याकडूनच आलेलं. लगेच लातूरच्या ताईला फोन केला, "तिकडच्या कानाच्या डॉक्टरकडं आमच्या दोघींचा नंबर लावून ठेव."

तेवढ्यात नवरा आला. सगळं ऐकून म्हणाला, "अगं, तीनशे ओहमचे हेडफोन हायत हे. फोनचा जोर पुरत न्हाई त्यांना. ही अ‍ॅम्प्लिफायरची डबी मी काय शोभेला आणली?"

त्यानं डबी जोडली आणि आवाज अगदी खालून हळूहळू वाढवत नेला. अर्ध्यावर जायच्या आतच सई ओरडली, "बास बास, लई मोठा झाला!"

मला आधी रडू आलं, मग राग. "मग मी हाक मारते ती ऐकू येत नाही का तुला?"

"येती की," सई म्हणाली. "पण पहिल्या हाकेला बाबा तरी कुठं उठतेत?"