अंगात या

...आणि वर मलाच विचारतात, "दीपमाला, तुमचा डावा खांदा कुठे आहे?" आता तुम्हाला सांगते, कुठे असणार खांदा? बस चुकेल म्हणून आमच्या प्रकाशा गावाहून धावतपळत निघाले हे खरं, पण म्हणून खांदा काय घरी विसरून आले? म्हटलं, "हा काय मॅडम, इथेच आहे." तर म्हणतात कशा, "तो कानाला चिकटलाय. तुम्ही अंगात नाही आहात. अंगात या."

अंगात या! अहो, असं बोलतात का कोणी? आमच्या रूपालीमॅडम मूळच्या नाशिकच्या, लग्न होऊन शहाद्याला आल्या, कथक शिकवतात, बाई गुणाची, पण खानदेशात अंगात येणं कशाला म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मी तरी कुठे हौसेनं गेले होते? जागृतीला, माझ्या लेकीला, सोडायला गेले, बाहेर चपलांपाशी मेथी निवडत बसले... तर या आल्या, म्हणाल्या तुमची बोटं ठेक्यात चालतात, आणि नेलं आत. बत्तिसाव्या वर्षी पायात घुंगरू! खोटं कशाला बोलू, आवडलं हो मला. फार आवडलं. पण खांदे काही खाली येईनात.

येतील कसे? माझ्या आईच्या, फुलवंताबाईच्या, अंगात कानबाई, आमची खानदेशची देवी, यायची. श्रावणातल्या रविवारी घरात कानबाई बसली, डफ वाजायला लागले, की आधी आईचा डावा खांदा पडायचा. मग श्वास खोल जायचा. मग केस सुटायचे, आणि पाय... ते पाय मला अजून ऐकू येतात. बायका तिला कुंकू लावायच्या, पाया पडायच्या, आणि मी आठ वर्षांची, तिचा पदर ओढत "माय, माय" करत उभी. ती वळून माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "तू कोन शे व?"

मलाच, तू कोण म्हणून! पोटच्या पोरीला! दुसऱ्या दिवशी तापीत विसर्जन करून आली की पुन्हा माझी आई, माझी वेणी घालायला बसायची, तिला काही आठवायचं नाही. मला मात्र आठवायचं. मी तेव्हाच ठरवलं, आपल्या अंगात कोणालाही येऊ द्यायचं नाही. खांदे कानापर्यंत वर, दार बंद. आई जाऊन दोन वर्षं झाली तरी बंद. आणि या म्हणतात, अंगात या!

बरं, मॅडम क्लासापुरत्या तरी थांबल्या का? भाकरी थापायला बसावं तर कानात "मनगट सैल." बादली उचलावी तर "गुडघ्यातून वाका." एसटीत उभी राहिले तर मागून "वजन दोन्ही पायांवर," दचकून बघते तर कंडक्टर, तो बिचारा तिकीट विचारतोय! आणि एक दिवस काय झालं, क्लासातल्या आरशासमोर तत्कार करत होते, ता थेई थेई तत, आणि आपोआप डावा खांदा उतरला. मॅडम खूश. मी बघते तर आरशात आई उभी! फोटोतली नव्हे, रविवारची. तसाच पडलेला खांदा, तोच श्वास... घुंगरू सोडले आणि निघाले. दोन आठवडे पाय मुरगळल्याचं सांगून घरी बसले.

पण पाय ऐकतात होय? यंदा आमच्या घरी कानबाई बसली. मी आतल्या खोलीत तिच्या नैवेद्याचे रोट भाजत होते, बाहेर डफ सुरू झाले, आणि माझे पाय चालू! ता थेई थेई तत, आ थेई थेई तत... खांदा पडला, अंबाडा सुटला. तेवढ्यात सासूबाई, नर्मदाबाई, दारात. ओरडल्याच, "माय वं, दीपमालाना आंगमा कानबाई उनी!" झालं. सगळ्या बायका आत. कुंकू काय, नारळ काय! मला सगळं कळतंय, सांगायचंय की बायांनो हे कथक आहे, पण पाय थांबेनात आणि तोंड उघडेना. आणि खरं सांगते, भीती वाटली. हे मीच करतेय की कोणी करवून घेतंय? आई असती तर विचारलं असतं, तू तेव्हा कुठे जायचीस गं?

तर गर्दीतून जागृती पुढे आली. तिला आजीची गोष्ट मीच सांगितलेली. माझा पदर धरला आणि रडवेली होऊन म्हणाली, "मम्मी, मी कोन शे?"

माझे पाय थांबले. मी तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि चक्क शुद्ध मराठीतून म्हणाले, "तू जागृती आहेस. आणि तुझा डावा खांदा कुठे आहे?"

पोर रडता रडता हसली आणि येऊन बिलगली. सासूबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला. म्हणाल्या, "ही कानबाई नाशिकनी दिखस."

तेव्हा कळलं हो. माझ्या अंगात देवी नाही आली, आईही नाही आली... आल्या त्या रूपालीमॅडम! आता काय करणार? कानबाई निदान सोमवारी तापीत जाते. मॅडमचा दर मंगळवारी क्लास असतो.